आईची सुट्टी आणि चाकांवरची चूल

आईला चुलीपासून चार दिवस सुट्टी मिळावी म्हणून मी जे आंदोलन केलं, त्यात सगळ्यात जास्त स्वयंपाक आईनंच केला.

सुरुवात पत्रकापासून झाली. (माझी प्रत्येक चूक पत्रकापासूनच सुरू होते.) मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या माकणीत येळवस असते. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पाच पांडव मांडून पुजायचे आणि बांधावरून जाईल त्याला धरून जेवायला बसवायचं. डाळी नि शेंगभाज्या एकत्र शिजवून केलेली दाट भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि ताक नि ज्वारीच्या पिठाची आंबिल. पुरुष जेवतात, बायका रांधतात. या अन्यायाविरुद्ध ‘येळवस कुणाच्या जिवावर?’ असं पत्रक काढून मी गावभर वाटलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, “मग औंदा जेवायला कुठं जायचं?”

“समुद्रावर,” मी म्हणालो.

आईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. येळवशीला ती पाण्यात पाय सोडून बसणार आणि तव्याला हात लावणार नाही, असं मी चारचौघांत जाहीर करून टाकलं. पुण्याहून कॅम्पर व्हॅन भाड्यानं आणली. आत झोपायला जागा, बेसिन, गॅसची शेगडी. आईनं आत एक चक्कर मारली.

“ही तर चूलच हाय की. चाकं लावलेली.”

“आई, ती चहापुरती आहे.”

“व्हय, व्हय,” म्हणत तिनं डाळींची गाठोडी आत ठेवली.

पहिला मुक्काम मालवणच्या अलीकडं. किनाऱ्याला लागून नारळाच्या बागेत गाड्या आणि तंबू लावायची सोय, डिसेंबरात घाम फुटेल अशी हवा. (अण्णांनी माकणीत घातलेली कानटोपी तरी काढली नाही.) “आजचा स्वयंपाक माझा,” मी घोषणा केली. थोड्या वेळानं शेजारचे तंबूवाले काळजीनं आले, कुठं काही जळतंय का म्हणून. तो माझा भात होता. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरपाई म्हणून तिनं त्यांना भज्जी करून दिली. सकाळी ते ताटं घेऊन परत आले, सोबत पुढचे दोन तंबूही होते.

मी तडक गाडी काढली आणि तासाभराच्या अंतरावरच्या दुसऱ्या मुक्कामी नेली. दिवस मावळायच्या आत सगळे तंबूवाले तिथं हजर. निघताना अण्णांनीच त्यांना पत्ता दिला होता.

“उद्या येळवस हाय,” अण्णा म्हणाले. “चार माणसं नकोत व्हय पंगतीला?”

आता थेट कृतीला पर्याय नव्हता. येळवशीच्या सकाळी मी गॅसचा रेग्युलेटर काढून खिशात घातला. आईनं गावाहून लपवून आणलेला आंबिलीचा कॅनही मी जप्त केला, झाकण घट्ट आवळलं आणि तो माझ्या अंथरुणाखाली कोंबला. आईनं वाळूत तीन दगड मांडले, वाळक्या झावळ्या गोळा केल्या आणि मी सोबत आणलेल्या पत्रकांवर जाळ पेटवला.

“कागद बरा हाय तुझा. लगीच पेटतोय.”

मी चुलीसमोर मांडी घालून बसलो. आई इथून उठत नाही तोवर अन्नत्याग.

“आजच्या दिशी?”

“आजच.”

तिनं शेजारी आणखी तीन दगड मांडले. “मग तुझ्यापुरती भगर टाकते. संगं शेंगदाण्याची आमटी चालंल न्हवं?”

तेवढ्यात गाडीत धाडकन आवाज झाला. बंद गाडी, कोकणातलं ऊन आणि आवळलेलं झाकण एकत्र आलं की आंबिल काय करते, हा मुद्दा माझ्या पत्रकात सुटला होता. गादी, चादर, छत, खिडक्या, सगळीकडं लसणाच्या वासाचं ताक. आईनं आत डोकावलं आणि माझ्याकडं न बघता चादर ओढून काढली. बेसिन तांब्याएवढं. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. दोन दिवस पाठीशी असलेला समुद्र तिला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

ती चादर धुवायला गेली. दुसऱ्याच लाटेनं चादर हातातून नेली. आई तिच्यामागं दोन पावलं धावली, बदकन पाण्यात बसली, आणि बसूनच राहिली. बघायला म्हणून अण्णा गेले. तेही कानटोपीसकट बसले.

इकडं मी, दोन चुली आणि ताटं घेतलेली दहा-बारा माणसं.

“अहो, भज्जी ढवळा की,” एक तंबूवाले म्हणाले.

मी ढवळली. वाढली. भगरही मीच उतरवली आणि खाल्ली, कारण आई उठली होती, म्हणजे मागणी तांत्रिकदृष्ट्या मान्य झाली होती.

उन्हं कलल्यावर ती दोघं निथळत आली. आईनं बोटानं भज्जी चाखली. “खाली लागलीय.” मग दगडावर बसून पदर पिळत म्हणाली, “पुढल्या साली बी येऊ. तू मात्र माकणीलाच थांब. तू असलास की लई काम पडतंय.”

माझ्या आंदोलनात एखाद्या बाईनं स्वतः मांडलेली ही पहिलीच मागणी. ती मला विनाअट मान्य करावी लागली.