वास गेल्यानंतरचा स्वयंपाक

माझी आई स्वयंपाक करताना कधीच चाखून बघत नसे. आमच्या घरी पहिलं ताट देवापुढे जातं, आणि देवाच्या आधी कोणी जिभेला लावलं तर ते उष्टं होतं, हे तिला लग्न होऊन आल्याबरोबर सासूने बजावलं होतं. तेव्हापासून ती नाकाने स्वयंपाक करत आली. आमटीला उकळी फुटली की म्हणायची, "मीठ कमी हाय." मिठाला वास नसतो, असं मी शाळेत शिकून आल्यावर तिला सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली, "मिठाला नसंल. मीठ घातलेल्या आमटीला असतो."

हे सगळं लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. लेखिका म्हणवून घ्यायला मला अजून संकोच वाटतो. मी बायकांच्या गोष्टी लिहिते, त्यातल्या दोन-तीन छापून आल्या आहेत, एवढंच. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. नाशिकच्या बाहेरच्या अंगाला आमचा थोडा मळा आहे. मेथी, शेपू, कोथिंबीर, कडेने झेंडू. अप्पा, म्हणजे माझे वडील, माल घेऊन मार्केटला जातात आणि मी बसने गंगापूर रोडला कॉलेजात. वर्गातल्या मुली त्यांच्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटांबद्दल बोलायच्या तेव्हा मी गप्प बसायचे. आमच्याकडे कपाट नव्हतं. आमच्याकडे आई होती, आणि तिला वासावरून गोष्टी आठवायच्या.

ती मुद्दाम बसून गोष्ट कधी सांगत नसे. शेपू चिरताना एक निघायची, गूळ चुरताना दुसरी. विस्तवावर कांदा भाजायला ठेवला की हमखास तिच्या काकूची गोष्ट यायची. काकूचा नवरा मनमाडला रेल्वेत कामाला लागला आणि तिकडेच दुसरीबरोबर राहिला. काकू दर बाजाराच्या दिवशी भाकरी बांधून स्टेशनवर जायची, त्याच्या हातात फडकं द्यायची आणि एक शब्द न बोलता माघारी यायची. असं किती वर्षं. मग एकदा तो समोर उभा असताना तिने बाकड्यावर बसून ते फडकं सोडलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत सगळी भाकरी स्वतः खाल्ली. त्यानंतर ती मनमाडला गेली नाही. ही गोष्ट मी लिहिली आणि एका दिवाळी अंकात ती आली. मी ती आईला वाचून दाखवली. अप्पांना रडू आलं. आई म्हणाली, "भाकरीचं लिवलं, लसणाची चटणी राहिली की. चटणीशिवाय ती कशाला खाईल?"

कोरोनात आम्ही घरातले सगळेच आजारी पडलो. सगळ्यांचा वास गेला आणि सगळ्यांचा परत आला. आईचा आला नाही. आधी तिला काही वाटलं नाही. "येईल, कुठं जातंय नाक," म्हणायची. पुढे एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वाट बघा, काहींचा उशिरा येतो. आम्ही वाट बघितली. मग कोणी वाट बघतंय हेही बोलेनासं झालं.

फरक हळूहळू दिसायला लागला. दूध नासलेलं तिला ओतल्यावर कळायचं. पूर्वी मेथीच्या ढिगाऱ्याजवळून नुसतं जाताना ती सांगायची, "खालच्या जुड्या तापल्यात, मोकळ्या करा." आता आतली पानं पिवळी पडलेली थेट मार्केटात गिऱ्हाइकालाच दिसायची. आणि आमटी. कधी अळणी, कधी खारट, आणि मग जास्त वेळा खारटच. तिचा अंदाज गेला होता, आणि चाखायची सवय तिला नव्हतीच. एवढ्या वर्षांनी देवाच्या आधी जिभेला लावणं तिला सुचतही नसावं.

अप्पा ताटात ताक ओतून घ्यायचे. म्हणायचे, "ऊन लय हाय, ताक बरं वाटतं." पावसाळ्यातही म्हणायचे. मी कांदा जास्त घ्यायचे. आम्ही दोघांनी ठरवलं नव्हतं, पण कोणीच तिला सांगितलं नाही. ती समोर बसून आमची तोंडं बघायची आणि विचारायची, "बरी झालीय ना?" आम्ही माना हलवायचो. तिचं स्वतःचं ताट ती सगळ्यात शेवटी वाढून घेई आणि काहीच न बोलता संपवी.

गोष्टीही बंद झाल्या. मला वाटलं, आजारपणाने थकली असेल. एकदा ती कांदा भाजत होती आणि घर वासाने भरलं होतं. मी शेजारी बसले, थोडं थांबले, आणि मग विचारलं, "आई, काकू मनमाडला जायची तेव्हा तिच्याबरोबर कोण असायचं?" ती विस्तवाकडे बघत म्हणाली, "आता कसं ध्यानात राहील एवढं?" आणि चिमट्याने कांदा उलटा केला. तो केव्हाच करपला होता.

मग अक्षय तृतीया आली. आमच्याकडे तिला आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर आंबा ठेवायचा, आणि पुरणाचे मांडे, आमरस, कुरडया, आमटी असा निवद करायचा. आई सटाण्याकडची, तिथले मोठे पातळ मांडे ती चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर करते. आमच्या भावकीत ते दुसऱ्या कोणाला येत नाहीत. वर्षभर तिला कोणी फारसं विचारत नाही, पण आखाजीला सगळे तिच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात.

धाकटी आत्या, अप्पांची बहीण, सिन्नरहून सकाळीच जीपने आली होती. आत्या बोलायला तिखट, पण कामाला बसली की उठत नाही. तिने पुरण वाटून दिलं. मांडे आईने केले. हाताला सगळं आठवत होतं. मांडा मनगटावर फिरत मोठा व्हायचा आणि खापरावर अलगद पडायचा. मला फार बरं वाटलं होतं. मग निवद दाखवला, विस्तवावर घास घातले, घागरीला नमस्कार केला आणि पंगत बसली.

आत्याने आमटीत मांडा बुडवला, एक घास खाल्ला आणि थांबली.

"वहिनी, नाशकात मीठ फुकट वाटत्यात का हो?"

कोणी हसलं नाही. आत्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिने घागरीकडे बोट केलं. "बरं झालं बाई, पाणी भरून ठेवलंय. पितरांना आज लागंल."

आई वाढायला उभी होती. तिच्या हातात आमरसाचं भांडं होतं. ते तिने खाली ठेवलं आणि अप्पांकडे बघितलं. अप्पांच्या ताटात ताक होतं. आमरसाच्या जेवणात ताक कोणी घेत नाही. ती बराच वेळ त्या ताटाकडे बघत राहिली. घाबरली की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी येते. तिने मला विचारलं, "खारट शे?"

मी म्हटलं, "थोडी."

"आजच, का आधीपासून?"

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "अगं, चालतं. खातोय ना आम्ही."

"म्हंजे आधीपासून," ती म्हणाली.

मग आत्याच्याही लक्षात आलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "माझं मेलीचं तोंडच वाईट. मांडे मात्र सोन्यासारखे झालेत हो." पण थोड्या वेळाने, भांडी विसळताना, तिला वाटलं आई बाहेर आहे, तेव्हा ती अप्पांना म्हणाली, "दादा, पित्तराला पोळीभाजी केंद्रातून मागवा. हल्ली समदेच मागवत्यात. निवद बिघडला तर बरं नाय." आई दारामागेच होती. मी तिला बघितलं, तिने मला बघितलं.

त्या दिवसानंतर आईने आमटीत मीठ घालणंच जवळपास सोडलं. चिमूटभर घालायची आणि मिठाची वाटी मधे ठेवायची. "ज्याचं त्यानं घ्या." तिखटही कमी, मसालाही कमी. अप्पा वरून मीठ घ्यायचे, पण वरून घेतलेलं मीठ आमटीत मुरत नाही. मी म्हटलं, "आई, निवद काढून ठेव आणि मग चाखत जा ना." ती म्हणाली, "चाखलं. जिभेला काय लागतंय ते माझं मलाच समजत नाय. समदं सारखंच." त्याआधी आम्ही जिभेचं कधी विचारलंच नव्हतं.

भाद्रपदात आजोबांचं पित्तर आलं. पितरांच्या ताटासाठी पुन्हा स्वयंपाक करायचा होता. आईने स्वतःच अप्पांना सांगितलं, "केंद्रात सांगून ठेवा." अप्पांनी चप्पल घालायला घेतली, घातली नाही, आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं." त्यांना काय म्हणायचं असायचं ते मला अजूनही नीट कळत नाही.

मीच मधे पडले. म्हटलं, "आई, तू कर. वास मी घेते. तू फक्त विचार."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पहिल्यांदा कॉलेजचा फॉर्म आणला तेव्हा बघितलं होतं. नको म्हणाली नाही.

सकाळी आम्ही दोघी चुलीपाशी बसलो. निवदाला कांदा-लसूण नसतो, तेव्हा सगळी भिस्त खोबऱ्यावर आणि काळ्या मसाल्यावर. खोबरं परतायला घेतलं. आई म्हणाली, "कसा येतोय?"

"छान येतोय."

"छान काय? छान तर साबणाचाबी येतो."

मी पुन्हा वास घेतला. म्हटलं, "म्हणजे दुपारच्या उन्हात तापलेल्या लाकडासारखा, जरा..."

"इथं पुस्तक नको. कच्चा हाय का गेला तेवढं सांग."

मला खरंच सांगता येईना. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून मी तिच्या तोंडच्या गोष्टी ऐकल्या, लिहून काढल्या, पण खोबऱ्याचा कच्चा वास कधी जातो हे मला माहीत नव्हतं. पहिलं खोबरं मी जाळलं. धूर डोळ्यांत गेला तेव्हा तिला कळलं. ती रागावली नाही. कढई खाली उतरवली, पुसली आणि खोबऱ्याची नवीन वाटी किसायला घेतली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वेळी मी उपमा शोधणं सोडलं. "आता कच्चा." "आता गोडसर." "आता गोड गेला, तेलकट येतोय."

"काढ. काढ लवकर."

मसाला तेलात पडला. मी म्हटलं, "घशात खवखवतंय."

"मग पाणी घाल. पुढं गेला की कडू होतो."

खीर खाली लागायला आली तीही मला वेळेवर कळली. मिठाचं मात्र मला वासावरून कळेना. मी हे सांगितलं तेव्हा तिने मिठाची बरणी पुढे ओढली. मग म्हणाली, "माझ्या हातानं घालते. मूठ वळणार नाय, एवढंच. तू पुन्हा घालू नको, मीबी घालणार नाय." तिने मीठ घातलं, बरणीला झाकण लावलं आणि बरणी माझ्या हातात दिली. "तुझ्यापाशी ठेव."

दुपारी कावळ्याला घास ठेवला, पितरांचं ताट वाढलं. मग पित्तरासाठी सिन्नरहून आलेली आत्या जेवायला बसली. अप्पा बसले. मी आत्याच्या तोंडाकडे बघत होते. आत्याने पहिला घास खाल्ला आणि वाटी पुढे केली. "वाढ गं. अजून वाढ. वहिनी, आज तुमच्या हातचंच जमलं हो." अप्पांनी ताक मागितलं नाही.

आई म्हणाली, "माझं नाय. तिचं नाक हाय."

मला इतका आनंद झाला की मी बोलून गेले, "आता दर आखाजीला असंच करू." आत्या म्हणाली, "हां, मायलेकी मिळून करा."

आई आपल्यासाठी ताट वाढून घेत होती. मला पुढच्या वर्षी पुण्याला एम.ए.ला जायचं होतं. ते घरात सगळ्यांना माहीत होतं, तिनेच अप्पांना राजी केलं होतं. ती माझ्याकडे न बघता अप्पांना म्हणाली, "आखाजीला केंद्रात सांगा. मांडे तेवढे मी करीन. आमटी त्यांचीच आणा."

"का? आज तर चांगली झाली," अप्पा म्हणाले.

"पोरगी काय जन्मभर माझ्या चुलीपाशी उभी ऱ्हाणार हाय का?"

 अप्पा वाटीतली आमटी बोटाने पुसत राहिले. मला म्हणायचं होतं, राहीन. तोंडाशी आलंही होतं. पण ते खरं नव्हतं, आणि ते खरं नसल्याचं तिला माझ्याआधी कळलेलं होतं. मी उठले आणि तिच्या ताटात आमटी वाढली. तिने भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला आणि इतर सगळ्या दिवसांसारखंच, कशी लागतेय याबद्दल काहीही न बोलता, जेवून घेतलं.