काळाचौकी ते गिरगाव, मास्तरांची वही घेऊन

माझे अक्षर म्हणजे मुंग्यांच्या रांगेवर पाणी ओतावे तसे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझे जुने भांडण आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली. ही माझी वही कुणाला दाखवायची नाही, पण चुकून कुणाच्या हाती पडलीच तर निदान एकट्याने हसावे. लोक काशी-रामेश्वरला जाऊन आल्यावर लिहितात. मी काळाचौकीहून गिरगावला गेले. पण एकटी गेले, आणि वाण्याकडे साखर मागतानाही माझा आवाज फुटत नाही, तेव्हा माझ्या मानाने ती काशीच.

त्याचे कारण डॅनियल मास्तर. माझ्याकडे त्यांचा जेवणाचा डबा असतो. परळच्या एका इस्पितळात ते रेडियम नावाच्या धातूची मोजमापे घेतात. त्या धातूतून आपोआप किरण निघतात म्हणे, ना तेल ना वात. चाळीत बोलवा होती की मास्तरांचा डबा अंधारात चमकतो. मी एकदा दिवा मालवून पाहिले. चमकत कसला, कालची आमटी लागलेली होती. मास्तर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी. कोळंबी, मोरी मासा, कुर्ल्या त्यांना चालत नाहीत. पहिल्या महिन्यात मी वांग्यात सोडे (सुकवलेली कोळंबी) घातले होते. त्यांनी एकेक वेचून डब्याच्या झाकणात मांडले आणि खाली चिठ्ठी ठेवली, ‘मोजून अठरा.’ मोजायची सवय दांडगी.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात मास्तरांनाही पकडून नेले, आमच्या ह्यांनाही. आमचे हे तीन दिवसांनी सुटले आणि अजून आतच असलेल्या मास्तरांचा निरोप घेऊन आले. त्यांची गिरगावातली रिबकाआत्या रविवारी सकाळी इस्रायलच्या बोटीने कायमची जाते आहे. मास्तरांच्या शिक्षणासाठी तिने दीडशे रुपये दिले होते. ते मास्तरांच्या खोलीत तांदळाच्या डब्यात आहेत. बोट सुटण्याआधी तिच्या हातात पडले पाहिजेत. सोबत त्यांची वही द्यायची आणि तिने वाचली की परत आणायची.

“तुम्हीच जा ना,” मी ह्यांना म्हटले.

“मी? आत्ताच सुटलोय. रस्त्यात पोलिसानं हटकलं आणि खिशात दीडशे सापडले तर? तुला कोण हटकणार? तू दिसतच नाहीस कुणाला.”

शुक्रवारी हरताळ होता. शनिवारी सकाळी निघाले. वही पिशवीत, नोटा पोलक्यात.

लालबागला ट्राम मिळाली. भायखळ्याच्या पुढे मोर्चा आडवा आला आणि ट्राम उभी राहिली ती राहिलीच. कंडक्टर खाली उतरून मोर्चेकऱ्यांबरोबर घोषणा देऊ लागला. मी विचारले, “पुढे कधी जाणार?” तो म्हणाला, “महाराष्ट्र झाला की!”

उतरून चालू लागले. पुढे एका वळणावर माणसे एकदम पळत सुटली, मीही पळाले. कुणापासून ते अजून ठाऊक नाही. एक घोडागाडीवाला गल्लीतून जाताना दिसला, त्याला हात केला. गिरगावचा रुपया सांगितला. घासाघीस करायला तोंड उघडावे लागते, म्हणून कबूल केले. माझ्याजवळ माझे साडेतीन आणे. रुपया मास्तरांच्या पैशांतून दिला. घोडा रमतगमत चालला होता, पण मी घामाघूम. दुसऱ्याच्या पैशाला हात लावायची माझी ती पहिली वेळ.

खोताच्या वाडीजवळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आत्याचे घर. बांधलेल्या ट्रंका आणि त्यांवर बसलेली पांढऱ्या केसांची, नऊवारीतली बाई. मी मास्तरांचे नाव सांगून नोटांची गुंडाळी पुढे केली. तिने विंचू पाहावा तसे हात मागे घेतले.

“अगो, आज शनिवार! शब्बाथ.” (शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांना काम नाही, विस्तव नाही, लिहिणे नाही आणि पैशाला शिवायचे नाही.) “त्या शहाण्यानं तुला सांगितलं नाही?”

मास्तर स्वतः शनिवारी इस्पितळात किरण मोजतात, ते काय सांगणार? कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणतात हे ठाऊक होते, पण मी समजले, शनिवारी मारुतीच्या तेलामुळे धंदा जोरात होत असेल. निघाले उलटेच. त्या दिवशी घाणा बंद!

“मग संध्याकाळपर्यंत थांबते,” मी म्हटले. हातात पडले पाहिजेत असा निरोप होता, आणि पहाटे ती बंदरावर जाणार.

थोड्या वेळाने आत्या भिंतीकडे बघून बोलू लागली. “चहा झाला असता तर बरं झालं असतं. मी कुणाला सांगत नाही हो. सांगायचं नसतं.” मी उठून स्टोव्ह पेटवला. “साखर दुसऱ्या फळीवर असते, असं आपलं मला आठवतंय,” भिंतीला सांगून झाले. दुपारी भात झाला असता तर बरे झाले असते, मग खिडकी लागली असती तर बरे झाले असते. त्या भिंतीने दिवसभरात मला जितके राबवले तितके सासूनेही कधी राबवले नव्हते.

मग भिंतीला वही ऐकावीशी वाटली. ती दोन्ही बाजूंनी लिहिलेली. पुढून किरणांचे शास्त्र आणि मागून, उलटी धरून, घराण्याचा इतिहास, कारण त्यांच्या पोथ्या उजवीकडून उघडतात. मी अडखळत वाचले. असल्या धातूचे कण फुटत राहतात. ठरावीक काळात निम्मे उरतात, तेवढ्याच काळात त्या निम्म्यातले निम्मे. कुठला कण केव्हा फुटेल हे कुणी सांगू शकत नाही.

“आमच्या आळीचंच लिहिलंय की,” आत्या म्हणाली. “निम्मे गेले इस्रायलला, उरलेल्यांतले निम्मे निघाले. फक्त कोण आधी जाणार ते मला विचारायचं होतं. ज्याची सून भांडकुदळ तो आधी.”

“तुम्हाला सून आहे?”

“नाही, मीच भांडकुदळ. शेजारी कंटाळलेत.”

वही उलटी धरून मागून वाचू लागले. कोकणातले गाव, घाणा, आजोबा. पुढे मास्तरांनी लिहिले होते, ‘आत्याने बांगड्या मोडून मला शिकवले.’

“खोटं आहे!” आत्या ताडकन उठली. “बांगड्या होत्या कुठे? घाणा विकला. त्याच्या आजोबांचा, गावातला आमचा शेवटचा. आणि गिऱ्हाइकानं बैलही हवाच म्हणून बैलसुद्धा. पोरानं रडून जीव दिला असता म्हणून बांगड्या सांगितल्या.” ती पुन्हा बसली. “बैल मला ओळखायचा गो.”

भिंतीने न सांगताच मी चहा टाकला.

दिवेलागणीला आम्ही गॅलरीत उभ्या राहिलो. तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ सुटतो. दोन लवकर सापडल्या. तिसरी म्हणून आत्याने दाखवली तो समोरच्या गच्चीवरचा कंदील निघाला. अखेर माडाच्या शेंड्यावर खरी उगवली. आत्याने पदराला हात पुसला आणि पुढे केला.

आता ती मोजणार. दिवसभर गिळलेले शब्द एकदम बाहेर आले. “आत्याबाई, एक रुपया कमी आहे. मी घोडागाडीला दिला. मास्तरांची चूक नाही. सोमवारी बोटीवर, नाही, बोट तर गेलेली असेल...” पुढे रडूच आले.

तिने तरीही मोजले, अंगठ्याला थुंकी लावून. “एकशे एकोणपन्नास.” मग एका ट्रंकेतून डबी काढून माझ्या तळहातावर एक रुपया ठेवला.

“हा कशाला?”

“दिवसभर माझ्या घरी कुणीतरी स्टोव्ह पेटवत होतं, भात रांधत होतं. कोण ते मला ठाऊक नाही, मी कुणाला सांगितलंच नव्हतं. पण कुणाची मजुरी बाकी ठेवून मी समुद्रापार जायची नाही.”

“म्हणजे तुमचाच रुपया तुम्हालाच...”

“तुझा आहे तो. मिळवलायस. काय करायचं ते कर.”

मी तो रुपया गुंडाळीवर ठेवला. आत्याने पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतले, मोठ्याने, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असे, आणि दीडशेवर येऊन थांबली.