उभं राहून केलेला फोन

आमच्या स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीच्या देशमुख मॅडम कुणासाठी उठत नाहीत. गुडघे दुखतात, म्हणून प्राचार्य आले तरी त्या बसूनच नमस्कार करतात. त्याच मॅडम काल दुपारी टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी फोन लावला.

पलीकडे त्यांचा जुना विद्यार्थी होता, आता एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीची लॅब सांभाळणारा. दाराशी शेवटच्या वर्षाची सारिका उभी होती. तिला इंटर्नशिप हवी होती आणि तिच्या घरातल्या कुणी कंपनीचं फाटक कधी ओलांडलेलं नव्हतं.

"आकडा जुळला नाही तर ही जुळवून लिहीत नाही, प्रयोग पुन्हा करते. मी पाहिलंय," मॅडम फोनवर म्हणाल्या.

माझा पेपर तपासणारा हात थांबला. शिफारसपत्रं मीही देतो. मजकूर तोच, नाव तेवढं बदललेलं, आणि प्रत्येक जण 'होतकरू'. मी पाहिलंय, असं छातीठोकपणे कुणाबद्दल म्हणता येईल, ते आठवेना. बाहेर पडणाऱ्या मुलांना खरी शिदोरी हीच लागत असावी, की आपल्याला कुणीतरी नीट पाहिलंय.

"सोमवारी दहाला जा," फोन ठेवून मॅडमनी सारिकाला सांगितलं. "पुढचं तू बोलायचंस."

ती हसत गेली. मी विचारलं, "उभ्या कशाला राहिलात? त्याला फोनवर थोडंच दिसतंय?"

"त्याला नाही," खुर्चीत हळूहळू टेकत त्या म्हणाल्या. "तिला दिसत होतं."