जनरेटरकडे कललेला कॅरम

अन्याय दोघांवर झाला. माझ्या अप्पांवर, आणि आमच्या इमारतीचे जिने पुसणाऱ्या अक्कांवर. कधी, तेही सांगते, कारण नंतर लोक म्हणतात असं काही झालंच नाही. तमिळ आडी महिन्यातला, म्हणजे जुलैतला, पहिला मंगळवार, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. त्या मिनिटाला पेरुंगुडीतल्या आमच्या इमारतीच्या मोबाइल गटावर एक फोटो आला. क्लबहाउसमध्ये कॅरमच्या दोन बाजूंना ते दोघं बसलेले, अक्कांच्या हातात स्ट्रायकर. खाली सेक्रेटरींचा मजकूर: ‘रहिवाशांच्या सोयी सफाई कर्मचारी वापरत आहेत. कृपया नोंद घ्यावी.’ त्याखाली अंगठ्यांची रांग.

मी तेव्हा नुंगंबाक्कमला रस्त्यावर उभी राहून रिक्षावाल्यांच्या शौचालयांसाठी पत्रकं वाटत होते. फोटो पाहिला. संध्याकाळी उत्तर देऊ, असं म्हणून फोन पिशवीत टाकला. संध्याकाळपर्यंत बोर्ड जनरेटरच्या खोलीमागे भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि क्लबहाउसला कुलूप होतं.

अप्पांना कंपवात आहे. उजवा हात थरथरतो. आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, आता सहीसुद्धा जमत नाही. पण स्ट्रायकर जमायचा. अक्का रोज तीन वाजता जिने आटोपून यायच्या, चपला दाराबाहेर काढायच्या आणि समोर बसायच्या. अप्पांचा हात स्थिरावायला वेळ लागे. त्या थांबत. सवलत मात्र द्यायच्या नाहीत.

“सार, हात थरथरतोय की मला घाबरलात?”

“तू पावडर कमी टाक अम्मा, इडल्या करायच्या नाहीत.”

हे तमिळमध्ये चालायचं; सार म्हणजे सर. घरी आम्ही तंजावरची जुनी मराठी बोलतो. लिहायची मराठी मी पुण्यात कॉलेजात असताना पत्रकं लिहून शिकले, म्हणून ही अशी ठोकल्यासारखी आहे. असो.

त्याच रात्री मी पत्रक लिहिलं. कडक लिहिलं. सकाळी छापून आणलं. अप्पांनी वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला.

“वाटूं नको. तिची नोकरी जाईल.”

मी ऐकलं. नको तितक्या लवकर ऐकलं. पुढच्याच सोमवारी ठेकेदाराने अक्कांना जॉर्ज टाउनमधल्या एका गोदामाच्या इमारतीत पाठवलं. रोटेशन, म्हणाला. पत्रकं माझ्या पिशवीतच राहिली. अप्पांनी तीन वाजता खाली जाणं सोडलं, मग व्यायाम सोडला, मग शर्टाची बटणं लावून घ्यायला मला हाक मारू लागले.

मग मी काय केलं? भांडायला गेले का? नाही. मी त्यांना टॅबलेटवर कॅरम करून द्यायला बसले. तयार खेळ मिळतात, पण त्यांत जाहिराती, नाणी आणि फटाके. मला आमचा बोर्ड हवा होता. प्रोग्रामिंग मला जेमतेम येत होतं. व्हिडिओ बघत, खाडाखोड करत मी फिजिक्स इंजिन लिहायला लागले. म्हणजे फार काही नाही: पडद्यावरची वस्तू खऱ्यासारखी सरकावी, आपटावी, थांबावी, याचे नियम.

पहिल्या धड्यात गुरुत्वाकर्षण होतं. सोंगट्या भराभर पडद्याच्या तळाशी जाऊन साचल्या. कॅरम आपण वरून बघतो, तेव्हा ती ओळ खोडली. मग घर्षण: दर क्षणी वेग थोडा कमी करायचा. मग टक्कर: दोन सोंगट्यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर त्यांच्या त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी झालं की त्या एकमेकींना लागल्या, त्यांना बाजूला सारायचं आणि वेग वाटून द्यायचा. ते आठ ओळींत मावलं तेव्हा मी एकटीनेच टेबलावर हात आपटला.

पण जोरात मारलं की स्ट्रायकर सोंगटीतून आरपार जाई, ती तिथे नसावी तसा. इंजिन पावलापावलाने हिशोब करतं; एका पावलात तो इतका पुढे जायचा की लागल्याचं इंजिनला कळायचंच नाही. मला लगेच पत्रकाचं वाक्य सुचलं: ‘सेक्रेटरीही अक्कांमधून असेच आरपार जातात.’ अप्पांना वाचून दाखवलं.

“ती सोंगटी नव्हे,” ते म्हणाले. मी वाक्य खोडलं. प्रत्येक पाऊल आठ छोट्या पावलांत तोडलं, तेव्हा टक्कर लागायला लागली.

दुसरी भानगड अशी, की सुरुवातीला मध्ये रचलेल्या सोंगट्या गप्प बसेनात. एकमेकींना ढकलत जागच्या जागी थरथरायच्या. अप्पांनी चष्मा वर केला.

“अगो, हींस पण माझाच रोग?”

मला हसू आलं आणि रडूही. अगदी बारीक ढकलाढकल सोडून द्यायची, अमुक वेगाच्या खाली सगळं थांबलं असं धरायचं, एवढ्यावर सोंगट्या शांत झाल्या. तेवढ्यात आणखी एक गोष्ट मी त्यांना न सांगता केली. त्यांचं बोट काचेवर थरथरलं की स्ट्रायकर भलतीकडे सुटायचा, म्हणून बोटाच्या शेवटच्या दहा जागांची सरासरी काढून नेम सरळ केला. त्यांनी एक डाव खेळला. तीन सोंगट्या घेतल्या. मग टॅबलेट माझ्याकडे सारला.

“हा माझा नेम नव्हे. काढ तें.”

काढलं. सवलत अक्कांनी दिली नव्हती, ती मी देत होते, तीही चोरून.

मग म्हणाले, “आणि तुजला सपाट बोर्ड कुठें मिळालें?”

हे माझ्या लक्षातच नव्हतं. क्लबहाउसचा बोर्ड दोन पावसाळे गळक्या छपराखाली काढून जनरेटरकडच्या कोपऱ्यात जरासा खचला होता. हळू निघालेली सोंगटी शेवटी त्या कोपऱ्याकडे वळायची. नवखा माणूस चिडायचा. अप्पा आणि अक्का दोन बोटं उजवीकडे नेम धरायचे. जगात तो बोर्ड खेळता येणारी दोनच माणसं होती.

म्हणून खोडलेलं गुरुत्वाकर्षण मी परत आणलं, तिरकं, त्या कोपऱ्याकडे. पहिल्यांदा आकडा मोठा पडला. सगळ्या सोंगट्या राणीसकट एकदम घरंगळत भोकात गेल्या. अप्पा हसले. खोकला येईपर्यंत हसले. कितीतरी आठवड्यांनी. आकडा कमी करत गेले. थांबलेली सोंगटी जागची हलू नये, फक्त मंदावलेली तेवढी वळावी, इथवर यायला मला चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी तीन वाजता त्यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. दोन चुकली, पण स्वतः लावली. जेवणाच्या टेबलाशी बसले. हात स्थिरावू दिला. दोन बोटं उजवीकडे नेम धरला. सोंगटी निघाली, मंदावली, वळली आणि कोपऱ्यात गेली. दुसरी हुकली.

मग त्यांनी टॅबलेट टेबलावर हळूच फिरवला, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि हात मांडीवर घेऊन बसले.

“अप्पा, तिकडे कोणी नाही.”

“माहीत आहे. बाकी सगळें केलेंस.”

मी पडदा बंद केला. त्यानंतर त्यांनी तो खेळ उघडलेला नाही.

मी रविवारी अक्कांना फोन लावला. कामं पुष्कळ आहेत, म्हणाल्या, चार मजले, वर मिरचीच्या पोत्यांची धूळ. सारांची गोळी वेळेवर देतेस ना? मी खेळाचं सांगितलं. त्यांच्या फोनवर पाठवू का विचारलं.

“नको कण्णू,” त्या लाडाने म्हणाल्या. “बोटाला लागत नाही त्यात.”

मग म्हणाल्या, “एक विचारू? त्या फोटोत माझा पाय खुर्चीवर होता का? कोणी म्हणालं, होता. मी सारांसमोर कधी पाय वर घेत नाही.”

इतके दिवस त्या हे बरोबर घेऊन फिरत होत्या, आणि मी सोंगट्यांचे वेग मोजत होते. मी गटावरचा तो फोटो उघडून पाहिला. पहिल्यांदाच नीट पाहिला.

“दोन्ही पाय खाली आहेत, अक्का. अनवाणी. चपला दाराबाहेर दिसतात.”

“मग ठीक,” त्या म्हणाल्या. ठीक काहीच नव्हतं.

माझं इंजिन चांगलं चालतं. त्याने एक खुर्ची भरली नाही, कारण ती रिकामी करणारे खाली राहतात आणि त्यांच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते. काल त्यांना फोटोसकट पत्रक दिलं. अप्पांनी हो म्हटलं होतं. आता तिचें काय जाणार, म्हणाले. सेक्रेटरी म्हणाले, बैठकीत बघू.

तुमच्याही इमारतीचा जिना कोणीतरी पुसतं. तुमच्याकडेही एक खोली आहे, तिला कुलूप आहे आणि आत खुर्च्या आहेत. वाचून हळहळू नका, हळहळ मी खेळ करून दाखवली आहे, ती चालत नाही. उद्या दुपारी तीन वाजता खाली जा. कुलूप उघडायला लावा. त्या बाईला, त्या माणसाला खुर्ची द्या आणि स्वतः समोर बसा. कोणी फोटो काढला तर उठू नका.