दोन बोटं वर

गॅरेजात एक बाई उभ्या गाडीवर एका अंगाने बसली होती आणि नवरा खाली वाकून फूटरेस्टचं माप बघत होता. सुमनलाही मी असंच बसवलं होतं. तिचे पाय पोचेनात, म्हणून फूटरेस्ट दोन बोटं वर घ्यावा लागला. ती जाऊन वर्ष झालं. साड्या वाटून टाकल्या, पण हे माप कुणाला देणार? परवा नवी गाडी घेतानाही मी कमी उंचीच्या सीटचीच निवडली.

माझा नंबर आला. मेकॅनिक म्हणाला, "काका, साडीगार्ड न् फूटरेस्ट काढू का? गाडी सुटसुटीत दिसेल."

"नको. फूटरेस्ट दोन बोटं वर घे."

त्याने नट आवळले. "काकूंना एकदा आणा, बसवून बघू."

"आणतो," मी म्हणालो.