एसटीतलं लाल सोनं

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगाव-धुळे एसटीत माझ्या शेजारच्या तरुणाने लाल पाण्याची बाटली छातीशी धरली होती. खड्डा आला की तो ती तान्ह्या बाळासारखी वर उचलायचा.

"यात सोनं आहे," त्याने सांगितलं. "फार बारीक कण केले की ते लाल दिसतं. उजेड पडला की त्यातले इलेक्ट्रॉन डोलतात. ते डोलणं शेजारच्या अर्धवाहक कणांपर्यंत पोचतं का, हे उद्या धुळ्याच्या प्रयोगशाळेत बघायचंय."

पुढच्या सीटवर पेरू खाणाऱ्या अक्का मागे वळल्या. "सोनं पिवळं राहस, भाऊ. हाई कोकम सरबत शे."

एरंडोलला बाटली अक्कांच्या हाती देऊन तो पाणी प्यायला उतरला. परतला तेव्हा लाल पाणी निळं झालं होतं. अक्कांनी त्यात पेरूसोबतच्या पुडीतलं मीठ घातलं होतं.

"सरबतमा मीठ नको का?"

त्याने बाटली हलवून पाहिली. "मिठाने सोन्याचे कण एकमेकांना चिकटले, अक्का. आता उद्या सरांना काय दाखवू?"

अक्का वरमल्या. बाटली खिडकीशी धरून त्यांनी नीट पाहिली.

"बठ्ठं सोनं चिकटनं ना? मंग आते नथ व्हई का?"

तो हसला. पुढचा खड्डा आला, तेव्हा त्याने निळी बाटलीही तशीच वर उचलली.