कोठडीतली कविता

देवपुरात आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या अक्काच्या मुलाला फाशीची शिक्षा झाली. बांधाच्या भांडणात त्याने दोन माणसं मारली होती. "जे मरनात, त्यासले बी माय व्हती," असं अक्काच म्हणायची, त्यामुळे सांत्वन करायला माझ्याकडे काही उरायचंच नाही. हायकोर्ट शिक्षा कायम करतं की नाही, एवढ्यावर तिचं सगळं अडलं होतं.

मुलगा पार पुण्याकडच्या मोठ्या तुरुंगात. तिथून फोन आला की तो तिला आपल्या कविता सांगायचा. तिला लिहिता येत नाही. जात्यावरच्या ओव्यांसारख्या ती त्या पाठ करायची आणि मेथीच्या जुड्या बांधता बांधता मला म्हणून दाखवायची, कारण मी कविता करतो हे दुर्दैवाने गल्लीभर माहीत आहे.

माय, आठे रातले बी दिवा जयस,
तुना हात डोयावर शे समजीसन मी नीजस.

कोठडीतला दिवा रात्रभर जळतो, म्हणून आईचा हात डोळ्यांवर आहे असं समजून झोपायचं. माझ्या सगळ्या संग्रहांत अशी एक ओळ नाही. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं आणि थोडा हेवाही वाटला.

कॉलेजच्या हॉलमध्ये कविसंमेलन होतं. आमची संमेलनं म्हणजे हौशे, नवशे, गवशे आणि चहाकडे डोळे लावून बसलेले श्रोते. मी माझी कविता खिशात ठेवली आणि अक्काकडून ऐकून कागदावर उतरवलेली त्याची वाचली. हॉल चिडीचूप झाला. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं. पुन्हा वाचली, पुन्हा टाळ्या. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि पुढच्या कवीला थोडक्यात आटपायला सांगितलं. अक्का पहिल्या रांगेत होती. मुलाच्या कौतुकाने तिचा चेहरा फुललाय असं मला वाटलं.

संमेलन संपल्यावर ती जवळ आली.

"भाऊ, आते कोर्ट सोडी देई ना त्याले?"

मला काही कळेना. तिनेच समजावलं, "आमना गावमा टाळ्या वाजन्यात का ठराव पास व्हस. आठे तं बठ्ठास्नी वाजाड्यात."

ग्रामसभेत सरपंच ठराव वाचतात, लोक टाळ्या वाजवतात, गावाचा रस्ता मंजूर होतो. सरकार काम कसं करतं, हे तिने तेवढंच पाहिलेलं.

मी म्हणालो, "अक्का, कोर्टात टाळ्या चालत नाहीत." शब्दांवर नाव कमावलेल्या माणसाला याहून बरं काही सुचलं नाही.

"कमी पडन्यात का? मंग आखो एक डाव वाचा ना, भाऊ."

माणसं पांगली होती. मंडपवाला खुर्च्या एकात एक रचत होता. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी कागद उघडला आणि रिकाम्या हॉलला कविता वाचून दाखवली. संपल्यावर अक्काने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. तिचे हात दुखायला लागले, तरी ती थांबेना.